पदकाच्या कडेवरचे नाव

कामगार संघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने नेपोलियनच्या काळातील युद्धपदकांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पदक ही सेनापतींची, राजेरजवाड्यांची, फार तर हौशी संग्राहकांची वस्तू. हजेरीपट, पगारपत्रक आणि ग्रॅच्युइटी यांच्याशी तिचा काय संबंध? आमचे म्हणणे असे की संबंध अगदी जवळचा आहे. युद्धपदक म्हणजे केलेल्या कामाची आणि अंगावर घेतलेल्या जोखमीची धन्याने दिलेली पोच होय. ती कोणाला मिळाली, कोणत्या धातूत मिळाली, किती वर्षांनी मिळाली आणि कोणाला मुळीच मिळाली नाही, हे चार प्रश्न विचारले म्हणजे पदक आपण होऊन बोलू लागते. आम्ही कारखान्याच्या दाराशी आयुष्यभर हेच चार प्रश्न विचारत आलो आहोत.

प्रथम वस्तू कशी असते ते पाहू. शौर्यपदक एखाद्याच्या विशेष पराक्रमासाठी असते. मोहिमेचे पदक त्या मोहिमेत हजर असलेल्या सर्वांसाठी असते. आपला विषय हे दुसरे पदक. त्याला दर्शनी बाजू असते, तेथे बहुधा राज्यकर्त्याचा मुखवटा किंवा एखादे चित्र. मागील बाजूस लेख किंवा देखावा. वर अडकवण्याची कडी, तीत फीत. फितीवर कधी कधी धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर एका लढाईचे नाव असते. शेवटचा भाग म्हणजे पदकाची कड, रुपयाला जेथे कंगोरे असतात ती जागा. कित्येक पदकांच्या या कडेवर ते मिळवणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली असते. बाजारातला माणूस दर्शनी बाजू पाहतो. अभ्यासू माणूस आधी कड पाहतो.

आता आपल्या उरणची त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. उरण तेव्हा करंजा बेट म्हणून ओळखले जाई. पहिल्या मराठा-इंग्रज युद्धात हे बेट इंग्रजांच्या हाती गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी व घारापुरीबरोबर त्यांच्याकडेच राहिले. खाडीपलीकडचे पनवेल मात्र १८१८ पर्यंत पेशव्यांचे, आणि कुलाबा-अलिबाग १८४० पर्यंत आंग्र्यांचे. म्हणजे नेपोलियन युरोपात गाजत होता त्या वर्षांत आपल्या एका खाडीच्या दोन काठांवर दोन सत्ता नांदत होत्या. त्याच काळात कंपनीची मुंबईची फौज कोकणपट्टीतून मोठ्या प्रमाणावर शिपाई भरती करीत होती. तीत मराठे होते, महार होते, मुसलमान होते. आणि अलिबाग, पेण, पनवेल या भागातील बेने इस्राएल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत असू, त्यांच्यातले कित्येकजण सुभेदार-जमादारांच्या हुद्द्यापर्यंत चढले. तेव्हा हा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे असे कोणी मानू नये.

कंपनीने सर्व दर्जांच्या देशी सैनिकांना दिलेले पहिले पदक याच मुलखातल्या युद्धाचे आहे. त्याला दख्खनचे पदक म्हणतात. १७७८ ते १७८४ या काळात बंगालहून पश्चिम हिंदुस्थानात व दक्षिणेत आलेल्या फौजेसाठी ते काढले गेले. त्याच फौजेतला जनरल गॉडर्ड १७८१ साली बोरघाटापर्यंत चढून गेला आणि मराठ्यांनी रेटल्यावर पनवेलपर्यंत मागे हटला. पदकावर या माघारीचा अर्थातच उल्लेख नाही. मागे फारसी मजकूर आहे, त्याचा आशय असा की नाणे जसे जगात चालते तशी या वीरांची कीर्ती चालो. कीर्ती चालवण्याचे काम धनी नेहमी उदारपणे करतो. त्याला खर्च कमी येतो.

यानंतर १७९९ चे श्रीरंगपट्टण. नेपोलियनचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत त्याने कैरोहून टिपू सुलतानास पत्र पाठवले होते. ते वाटेतच पकडले गेले. फ्रेंचांच्या या धास्तीने कंपनीने टिपूवर चढाई केली आणि ४ मे १७९९ रोजी किल्ला पडला. मुंबईची फौजही तेथे होती. या विजयाचे पदक विलायतेत बर्मिंगहॅमजवळ बोल्टन याच्या सोहो टांकसाळीत पाडले गेले. चित्र असे की इंग्लंडचा सिंह म्हैसूरच्या वाघाला खाली दाबतो आहे. पण आम्हांला चित्रापेक्षा धातू अधिक बोलका वाटतो. एकाच साच्याचे हे पदक पाच धातूंत निघाले. सर्वांत वरच्यांना सोन्याचे, त्यांच्या खालच्या अंमलदारांना सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे, कॅप्टन वगैरेंना साध्या चांदीचे, हवालदार-नाइकांच्या बरोबरीच्यांना तांब्याच्या मिश्रधातूचे, आणि साध्या शिपायाला कथलाचे! तटाच्या खिंडारात गोळी घुसली ती धातू पाहून घुसली नव्हती. पोच मात्र धातू पाहून मिळाली. कथील मऊ असते. ते झिजते, वाकते, ठेचले जाते. म्हणून ज्यांची संख्या सर्वांत अधिक होती, त्यांचीच पदके आज स्वच्छ स्थितीत मिळणे कठीण. वेतनश्रेणी म्हणजे काय हे समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

मग इजिप्त. १८०० च्या डिसेंबरात मुंबई बंदरातून सैन्याची गलबते निघू लागली. जनरल बेअर्डच्या हाताखालचे हे सैन्य नेपोलियनने इजिप्तमध्ये मागे ठेवलेल्या फ्रेंच फौजेवर जाणार होते. आज ज्या पाण्यातून न्हावा-शेव्याची मालवाहू जहाजे जातात, त्याच पाण्यातून ती गेली. तांबड्या समुद्रातील कोसेर बंदरात उतरून या शिपायांनी शंभराहून अधिक मैलांचे वाळवंट ओलांडले आणि नाईल नदीने ते उत्तरेस कैरोकडे गेले. तोवर फ्रेंचांनी कैरो सोडून दिल्याने मोठी लढाई त्यांच्या वाट्यास आली नाही; पण तहान, ताप आणि डोळ्यांचे रोग कोणास सुटले नाहीत. कंपनीने बंगाल आणि मुंबईच्या देशी सैन्यास याचे पदक दिले. त्यावर हातात निशाण घेतलेला देशी शिपाई आहे, आणि मागे गलबत, त्यापलीकडे पिरॅमिड. याच इजिप्तमध्ये लढलेल्या इंग्लंडच्या राजाच्या साध्या गोऱ्या सोजिराला मात्र त्याच्या सरकारकडून या मोहिमेची पट्टी मिळण्यास १८५० साल उजाडले.

असेच दुसरे पदक रॉड्रिग्ज, बुर्बों आणि मॉरिशस या बेटांचे. फ्रेंचांची लढाऊ गलबते या बेटांच्या आश्रयाने कंपनीचा व्यापार लुटत. १८०९-१० मध्ये ही बेटे घेण्यास गेलेल्यांत मुंबईच्या दुसऱ्या पलटणीचे शिपाई होते. त्या पदकावर देशी शिपाई तोफेपाशी उभा आहे आणि त्याच्या पायाखाली नेपोलियनचा गरुड पडलेला आहे. युरोपातल्या बादशहांना जो गरुड आकाशात दिसे, तो कोकणच्या शिपायाच्या पायाखाली! चित्र मोठे, पण शिपायाचे नाव कोठेच नाही. या पदकांवरचा मजकूर फारसी आणि इंग्रजी. ज्याने ते छातीवर लावले त्याला बहुधा दोन्ही वाचता येत नसत. मोडी किंवा बाळबोध अक्षर त्यावर एकही नाही.

नाव आले ते वॉटर्लूपासून. १८ जून १८१५ च्या त्या लढाईचे पदक इंग्लंडच्या सरकारने सेनापतीपासून ढोलवाल्यापर्यंत सर्वांना एकाच धातूत, चांदीत दिले. प्रत्येकाचे नाव यंत्राने कडेवर ठोकले. मेलेल्यांच्या वारसांनाही ते मिळाले. सुमारे ३९ हजार पदके वाटली गेली. शिवाय वॉटर्लूला हजर असलेल्या शिपायाची दोन वर्षे नोकरी जास्त धरण्यात आली, म्हणजे पगारवाढ व पेन्शन यांत फायदा झाला. हे पाहून स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत सहा-सहा वर्षे झिजलेले जुने शिपाई चिडले, आणि ते साहजिकच होते. एका दिवसाच्या कामाला पदक, आणि सहा वर्षांच्या कामाला काही नाही? त्यांनी अर्ज केले, पार्लमेंटात ड्यूक ऑफ रिचमंडने त्यांची बाजू लावून धरली. खुद्द वेलिंग्टनचा विरोध होता. अखेर १८४७ साली १७९३ ते १८१४ या काळाचे एकत्रित पदक मंजूर झाले, २९ पट्ट्यांचे. पण अट अशी की अर्जदार जिवंत पाहिजे.

फ्रान्समध्येही निराळे घडले नाही. नेपोलियनच्या जुन्या शिपायांना सरसकट पदक मिळाले ते १८५७ साली, त्याच्या पुतण्याच्या राज्यात. त्याला सेंट हेलेनाचे पदक म्हणतात. ते ब्राँझचे असून सुमारे चार लाख म्हाताऱ्यांना वाटले गेले. त्यावर नाव कोरलेले नाही. नाव असे ते सोबतच्या कागदावर. कागद हरवला की पदक मुके झाले.

आता आपल्या घरच्या पदकाकडे येऊ. इंग्लंडच्या जुन्या शिपायांना पदक मिळाल्यावर हिंदुस्थानात लढलेल्यांनाही द्यावे लागले. १८५१ साली ‘हिंदुस्थानच्या सैन्यास’ असे लिहिलेले चांदीचे पदक मंजूर झाले. दर्शनी बाजूस व्हिक्टोरिया राणी, मागे बसलेली विजयदेवता आणि ताडाचे झाड, फीत फिकट निळी. त्याच्या २१ प्रकारच्या पट्ट्या आहेत आणि त्या वाचणे म्हणजे महाराष्ट्राच्या पराभवाचा नकाशा वाचणे होय. असाय म्हणजे आपले असई, २३ सप्टेंबर १८०३. तेथे समोर शिंद्यांची कवायती पायदळे होती. शिंद्यांच्या कवायती फौजेची एकंदर सूत्रे पेराँ या फ्रेंच सरदाराकडे होती, आणि या फ्रेंचांचीच इंग्रजांना खरी धास्ती होती. असईला इंग्रज फौज चालवणारा वेलस्ली तोच पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन झाला. अर्गॉम म्हणजे अडगाव, २९ नोव्हेंबर १८०३. शिवाय गाविलगड आणि अशीरगड. पुढे १८१७ मध्ये किर्की म्हणजे खडकी, मग पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर. आणि १ जानेवारी १८१८ चे कोरीगॉम म्हणजे कोरेगाव. नुसत्या खडकीची किंवा नुसत्या सीताबर्डीची पट्टी अत्यंत दुर्मीळ. सर्वांत अधिक मिळते ती ब्रह्मदेशच्या युद्धाची.

ती दुर्मीळ का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. लढाईत माणसे थोडी होती म्हणून नव्हे. असई १८०३ मध्ये झाली, पदक १८५१ मध्ये. असईला वीस वर्षांचा असलेला पोरगा पदकाच्या वेळी अडुसष्ट वर्षांचा झाला. तोवर पटकी, ताप, दुष्काळ आणि पुढच्या लढाया यांतून किती उरले असतील? वारसांना पदक नव्हते. एकंदर साडेचार हजारांच्या आसपास पदके निघाली. देशी शिपायांपैकी फारच थोड्यांच्या हाती ते पडले. कारण नुसते जिवंत असून भागत नव्हते, बातमी खेड्यापर्यंत पोहोचायला हवी होती आणि दावा मांडता यायला हवा होता. करार होतो आणि त्यात कलम असते की अमुक तारखेस हजेरीपटावर असलेल्यांनाच फरक मिळेल. तोवर अर्धे कामगार निवृत्त झालेले असतात, काही वर गेलेले असतात. ते कलम आमच्या पिढीने शोधून काढलेले नाही. त्याचे वय पुष्कळ आहे.

पदकावर आणखी एक बाजू नाही, ती म्हणजे हरलेल्यांची. खडकीला पेशव्यांच्या बाजूने पडलेल्यांना पदक कोण देणार? मराठी राज्याची रीत वेगळी होती. पराक्रम करणाऱ्यास सोन्याचे कडे, पोशाख, इनाम जमीन, मोठ्यांना पालखीचा मान. जो रणात पडला त्याच्या मुलाबाळांच्या पोटासाठी जी नेमणूक करून देत तिला बालपरवेशी म्हणत. हा शब्द आजच्या तरुण कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा. पडलेल्या माणसाची खरी पोच ही त्याच्या पोरांच्या ताटात असते, हे त्या शब्दात सांगितले आहे. राज्य गेले आणि ही नेमणूक देणारा हातही गेला.

नाव कोरले जाणे याचे मोल किती, हे पाहायचे तर कोरेगावच्या स्तंभाकडे जावे. तेथे कंपनीच्या मृत सैनिकांची नावे दगडात आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येते. ही महार शिपायांची नावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली विनंतीपत्र तयार करून पूर्वजांच्या सैनिकी सेवेचा दाखला पुढे केला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्या लढाईचा अर्थ कोणी कसा लावावा यावर वाद होतात आणि होत राहतील. पण एक गोष्ट वादाच्या पलीकडची आहे. दगडावर नावे होती म्हणून हक्क मागताना बोट ठेवायला जागा होती. ज्यांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत, त्यांच्या नातवंडांना बोट ठेवायला जागा नाही.

आता शोध कसा घ्यावा, हे थोडक्यात सांगतो. पदक हाती आल्यास प्रथम कड भिंगाखाली धरावी. गोऱ्या पलटणींची नावे बहुधा ठोकीव मोठ्या अक्षरांत, देशी शिपायांची बहुधा कोरीव, वळणदार लिपीत. नाव इंग्रजी कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले असते. म्हणून ते डोळ्यांनी न वाचता मोठ्याने उच्चारावे. असाय उच्चारल्यावर असई सापडते, तसेच माणसाचे. मग हुद्दा आणि पलटणीचा क्रमांक पाहावा. पलटणींचे क्रमांक १८२४ साली आणि पुढेही बदलले. लढाईच्या दिवशीचा क्रमांक आणि पदकावरचा क्रमांक वेगळा असू शकतो. त्यानंतर यादीशी पडताळा. पदकांच्या याद्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि कंपनीची सैनिकी दप्तरे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गोऱ्यांच्या याद्या बऱ्याच भरल्या आहेत. देशी शिपायांच्या त्रुटित आहेत. पण मुंबई सरकारची जुनी दप्तरे मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि पेशव्यांचे दप्तर पुण्यात आहे. लंडनला न जाताही पुष्कळ काम होण्यासारखे आहे. मोडी वाचणारे चार तरुण उरणात तयार झाले, तर आम्ही तो मोठा लाभ समजू.

खोट्या मालापासून सावध राहावे. दुर्मीळ पट्टी साध्या पदकावर चढवतात. दुसऱ्याचे नाव घासून तेथे भाव येणारे नाव कोरतात. यावर उपाय आपल्या फिटरांना ठाऊक आहे. व्हर्निअर कॅलिपर लावावा. १८५१ च्या पदकाचा व्यास सुमारे ३६ मिलिमीटर. कड घासलेली असेल तर माप एका बाजूस कमी भरते. कारखान्यात शिकलेली विद्या इतिहासात उपयोगी पडते ती अशी.

खरा धोका मात्र खोट्या पदकाचा नाही, वितळलेल्या पदकाचा आहे. जुन्या पेटीतून चांदीची चकती निघते. कोणी तिला दुसरी कडी लावून ताईताप्रमाणे पोराच्या गळ्यात बांधतो, कोणी नड आली की सोनाराच्या काट्यावर ठेवतो. सोनार चांदीचे वजन करतो. कडेवरच्या नावाचे वजन त्याच्या काट्यावर येत नाही. मुशीत गेले की माणूस दुसऱ्यांदा मेला. म्हणून आमची विनंती अशी. घरात अशी चकती असेल तर ती चिंच-राखेने घासू नका. घासण्याने पहिले जाते ते नाव. मऊ कापडात गुंडाळून ठेवा. दोन्ही बाजू आणि कड यांचे छायाचित्र घ्या. आजी-आजोबांना जे आठवते ते त्याच दिवशी कागदावर लिहा, मग ते तुटक असले तरी चालेल. वस्तुसंग्रहालयातील जाणकारास दाखवा. आणि कोणी परदेशी पाठवण्यासाठी मोठी किंमत देऊ केली, तर १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, हे त्यास सांगा.

काही मंडळी विचारतील, परक्या कंपनीच्या चाकरीचे हे बिल्ले जपून काय करायचे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की आम्ही कंपनीचा गौरव जपा म्हणत नाही. राणीचा मुखवटा दर्शनी बाजूस आहे, तो तेथेच राहू द्या. आम्ही कड जपा म्हणतो. पोटासाठी पलटणीत गेलेला, वाळवंट तुडवलेला, समुद्र ओलांडलेला आपलाच एखादा माणूस तेथे आहे. आणि त्याच्याविषयी साऱ्या जगात उरलेला लेखी पुरावा कधी कधी तेवढाच असतो. चिरनेरच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहात आणि जासईच्या १९८४ च्या आंदोलनात पडलेल्यांची नावे ज्या तालुक्याने उराशी धरली आहेत, त्या तालुक्याला नावाचे मोल आम्ही शिकवायला नको. त्यांच्याही आधीचे काही लोक पेट्यांच्या तळाशी वाट पाहत असतील. पेट्या उघडून पाहा.